माचा विरघळत नाही, कालवावा लागतो

माचा लाटे, म्हणजे बर्फ घातलेल्या दुधातला जपानी हिरवा चहा, घरी जमवायचा तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी. माचा विरघळत नाही. साखर विरघळते, इन्स्टंट कॉफी विरघळते. माचा म्हणजे चहाची अख्खी पानं, मैद्यापेक्षाही बारीक दळलेली, आणि ती पोटात जातात ती पानं म्हणूनच. पिठल्यासाठी डाळीचं पीठ कालवताना आपण भगुनंभर पाणी एकदम ओतत नाही. आधी चार चमचे पाणी, त्यात पीठ मोडून घ्यायचं, गुठळी राहिली नाही याची खात्री करायची आणि मग उरलेलं पाणी. माचाचं नेमकं तेच आहे. थंड दुधात थेट पूड टाकून चमच्याने ढवळलं की वर हिरवे गोळे तरंगतात, तळाला गाळ बसतो आणि दोष जातो पुडीवर. चाळणं, थोड्या गरम पाण्यात आधी फेटणं, झाल्यावर लगेच पिणं, या सगळ्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

बाकीचे घोळ इथल्या हवापाण्याचे. बाहेरच्या पाककृतींत ‘खोलीच्या तापमानाला’ म्हणतात तेव्हा त्यांची खोली वीस-बावीस अंशांची असते. मे महिन्यात परभणीला, नांदेडला दुपारी ४२-४३ अंश असतात आणि गॅस पेटलेला असला तर स्वयंपाकघरही काही फार मागे नसतं. पाणी बोअरचं, क्षारांनी जड. दूध रतिबाचं, बहुतेक घरी म्हशीचं. त्यामुळे परदेशी मापं जशीच्या तशी उचलली की पेला पाणचट होतो, नाहीतर सायीने जड होतो. आम्ही इथल्या उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा करून बसवलेली मापं अशी आहेत, ४०० मिलीच्या एका मोठ्या पेल्यासाठी: माचा ३ ग्रॅम, ८० अंशांच्या आसपासचं पाणी ३० मिली, फ्रीजमधलं पाणी २० मिली, फ्रीजमधलं दूध १५० मिली, साखरेचा पाक १५ मिली आणि बर्फ १२० ग्रॅम. बर्फाच्या साध्या ट्रेचे हे साधारण सहा खडे होतात.

पुडीपासून सुरुवात करू, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं कष्ट वाया जातं. माचासाठी लावलेल्या चहाच्या झुडपांवर तोडणीआधी साधारण तीन आठवडे सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं, थिअनिन हे गोडसर-मऊ चव देणारं द्रव्य टिकून राहतं आणि तुरटपणा आणणारी कॅटेचिन्स कमी राहतात. तोडल्यावर पानं लगेच वाफवतात, वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरलेल्या पानाला तेंचा म्हणतात आणि तो दगडी जात्यावर दळला की माचा. एका जात्यावर तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम निघतो, कारण जातं जोरात फिरवलं तर तापतं आणि पूड करपट होते. ज्यांच्या घरात जातं होतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. क्योतोजवळचं उजी, आइची प्रांतातलं निशिओ, फुकुओकातलं यामे आणि दक्षिणेचं कागोशिमा हे जपानमधले याचे नावाजलेले भाग. यावरून एवढं लक्षात यावं की ग्रीन टीची पानं मिक्सरमध्ये फिरवली की माचा होत नाही. ती पानं उन्हात वाढलेली असतात, शिरांसकट असतात, आणि मिक्सरची पूड कितीही फिरवली तरी जिभेला रवाळ लागते.

डबा घेताना पुढचं चित्र सोडून मागची घटकांची यादी वाचावी. तिथे फक्त माचा किंवा ग्रीन टी पावडर असावी. पहिलं नाव साखरेचं असेल तर ते तयार मिश्रण आहे. त्यात ३ ग्रॅम माचा मिळवायला किती चमचे घालावे लागतील याचा अंदाज करता येत नाही. डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ (समारंभाच्या दर्जाचा) या शब्दामागे जपानमध्ये कुठलंही सरकारी मानक नाही, विकणारा तो आपल्या मर्जीने छापतो. लाटेसाठी सगळ्यात महागडा डबा लागतही नाही. नाजूक चवीचा पहिल्या तोडणीचा माचा नुसत्या पाण्यात प्यावा. दुधात तो हरवतो. अगदी स्वस्त, भाजी-केकमध्ये घालायचा माचा मात्र दुधातही कडूच राहतो. मधल्या दर्जाचा घ्यावा, शक्यतो ३० ग्रॅमचा छोटा डबा. पेल्याला ३ ग्रॅम धरले तर दहा पेले होतात, आणि डब्याच्या किमतीला दहाने भागलं की एका पेल्याचा पुडीचा खर्च कळतो.

डबा उघडल्यावर एक परीक्षा घरीच करता येते. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड ठेवायची आणि बोटाने दाबून एका दमात ओढायची. चांगल्या माचाचा पट्टा लांब, सलग आणि मऊ उमटतो, रंग कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यासारखा, आणि बोटाच्या रेषांत पूड अशी बसते की झटकूनही निघत नाही. हलकी पूड लवकर तुटते, कागदावर कणाकणाने सांडते, रंग पिवळट किंवा सुकलेल्या मेथीसारखा दिसतो. वास घ्यावा. गोडसर, ताज्या गवताचा वास आला पाहिजे. वाळल्या कडब्यासारखा वास येत असेल तर माल जुना आहे. शेवग्याच्या पाल्याची पूडही लांबून तशीच हिरवी दिसते, पण तिचा वास उग्र असतो आणि पट्टा खरबरीत उमटतो.

मराठवाड्यात माचा बिघडतो तो बहुधा पेल्यात नव्हे, त्याआधी. उष्णता, उजेड, हवा आणि दमटपणा, या चौघांनी हरितद्रव्य मोडतं आणि हिरवा रंग मेंदीसारखा होतो. एप्रिल-मेमध्ये कुरियरच्या गाडीत दोन-तीन दिवस तापत आलेला डबा उघडायच्या आधीच उतरलेला असू शकतो. शक्य असेल तर फेब्रुवारीतच मागवून, सील न फोडता फ्रीजरमध्ये ठेवावा. फोडलेला डबा खालच्या फ्रीजमध्ये ठेवायचा आणि महिना-सव्वा महिन्यात संपवायचा. पण फ्रीजमध्ये आपल्याकडे काय काय असतं? लसणाची चटणी, चिरलेला कांदा, कालचं कालवण. माचा वास ओढून घेतो, चटकन आणि कायमचा. म्हणून मूळ डबा झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अशी दुहेरी सोय हवी. आणखी एक. फ्रीजमधून काढल्याबरोबर डबा उघडायचा नाही. थंड पुडीवर बाहेरच्या हवेतली वाफ बसते आणि पूड ओली होऊन खडे धरते. उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा दहा मिनिटं पुरतात, जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा तास बाहेर ठेवावा, झाकण लावूनच. रोज लागणारी पूड आठवड्यापुरती छोट्या डबीत काढून ठेवली तर मोठ्या डब्याला हा ताप रोज होत नाही.

आता पाणी. बोअरच्या पाण्याचा चहा केला की कपावर एक पातळ, तुटक तवंग दिसतो, कडेला तपकिरी कडं उरतं. ते पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं आणि चहातल्या द्रव्यांचं लग्न. माचात तेच होतं. चव सपाट पडते, रंग मळतो, फेस धरत नाही. फिल्टरचं किंवा जारचं पाणी वापरावं. बर्फसुद्धा त्याच पाण्याचा लावावा, कारण पेल्यात पाण्यापेक्षा बर्फच जास्त असतो. माचाला फिल्टरचं पाणी आणि ट्रेमध्ये नळाचं, ही चूक सर्रास होते. वीज जाणार असल्याची वेळ माहीत असेल तर तयार खडे थर्मासमध्ये भरून ठेवावेत, तीन-चार तास सहज टिकतात. बाजारातला लादीचा बर्फ पेल्यात घालू नये.

पाणी किती गरम, यावर कडूपणा ठरतो. उकळतं पाणी थेट पुडीवर पडलं की कॅटेचिन्स झपाट्याने उतरतात आणि पहिल्याच घोटाला तोंड आवळतं. ७५ ते ८० अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर हिशोब सोपा आहे: उकळत्या पाण्याचे तीन भाग आणि माठातल्या पाण्याचा एक भाग. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. माठातलं पाणी २५ धरलं तर मिश्रण बरोबर ८० च्या जवळ येतं. ४५ मिली उकळतं आणि १५ मिली माठातलं घेतलं की ६० मिली होतं. त्यातलं ३० पेल्याला लागतं, उरलेल्यात फेटणी भिजवायची. मायक्रोवेव्हमध्ये एवढंसं पाणी तापवायच्या भानगडीत पडू नये. ते कुठे तापलं आणि कुठे नाही कळत नाही.

दुधावर जरा थांबतो, कारण इथे मतं वेगळी पडतात. जपानमध्ये माचा मुळात पाण्यात फेटूनच पितात. एइसाई नावाच्या भिक्खूने ११९१ साली चीनहून चहाचं बी आणि ही फेटण्याची रीत आणली असं मानतात. दुधाचा लाटे अगदी अलीकडचा. पण दूध चवीच्या दृष्टीने उगाच घातलेलं नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून जो माचा पाण्यात कडक लागतो तोच दुधात मऊ होतो. रंगाच्या बाबतीत म्हशीचं दूध सरस. गायीच्या दुधात कॅरोटीनचा पिवळेपणा असतो, विशेषतः हिरव्या चाऱ्यावरच्या देवणी किंवा लाल कंधारीच्या दुधात, आणि पिवळ्यावर हिरवा पडला की पोपटी दिसतो. म्हशीचं दूध पांढरंशुभ्र, त्यावर माचा खुलतो. चवीत मात्र म्हशीचं निव्वळ दूध अडचण करतं. सहा-सात टक्के स्निग्धांश माचाला झाकून टाकतो आणि थंड झाल्यावर जिभेवर तुपकट थर बसतो. ११० मिली म्हशीचं दूध आणि ४० मिली थंड पाणी, हे प्रमाण आमच्या जिभेला बरोबर वाटतं. पिशवीचं टोन्ड दूध, ज्यात तीन टक्के स्निग्धांश असतो, ते जसंच्या तसं चालतं. दीड टक्क्याचं डबल टोन्ड पातळ लागतं. ओटचं दूध वापरणारे वापरतात. ते मुळातच गोडसर असतं, पाक निम्मा करावा.

रतिबाचं दूध उकळायचंच. उकळून, पंख्याखाली निववून, निदान चार तास फ्रीजमध्ये ठेवायचं, साय पूर्ण काढायची आणि ओतताना गाळणीतून ओतायचं. सायीचे तुकडे हिरव्या पेल्यात गुठळ्यांसारखे दिसतात आणि माणूस उगाच पुन्हा पुन्हा फेटत बसतो. फार वेळ आटवलेलं दूध नको. त्याला बासुंदीकडे झुकणारी शिजट गोडी येते आणि माचाचा गवती वास तिच्याखाली दबतो. एक उकळी पुरे. पाश्चराइज्ड पिशवीचं दूध न उकळता घेतलं तर चव सगळ्यात स्वच्छ येते, पण पिशवी थंडच मिळाली असेल तरच. दुकानाबाहेरच्या क्रेटमध्ये उन्हात पडलेली पिशवी घरी आणून आधी उकळावी. नासायला टेकलेलं दूध उकळताना फाटतं. न उकळता पेल्यात घातलं तर माचासोबत बारीक कण धरतं आणि ते फेटून जात नाहीत.

साखर थंड दुधात लवकर विरघळत नाही, तळाला कचकचते. म्हणून पाक आधी करून ठेवायचा. १०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच. तार आणायची नाही, नाहीतर थंडीत खडे धरतो. साधारण १६० मिली होतो, बाटलीत भरून फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो. १५ मिलीत नऊ ग्रॅमच्या आसपास साखर येते. गूळ घालायचा मोह इकडे होतोच. गुळाचा पाक चवीला वाईट लागत नाही, पण त्याचा तपकिरी रंग हिरव्यात मिसळून पेला शेवाळलेल्या पाण्यासारखा होतो आणि गुळाचा खमंगपणा माचाच्या वर जाऊन बसतो. ज्याला गूळच हवा त्याने फिकट पिवळा घ्यावा आणि पाक गाळून, पूर्ण थंड करून दुधात घालावा.

हे सगळं तयार असलं की प्रत्यक्ष पेला पाच मिनिटांचा आहे.

फेटणी आधी भिजत घालायची. बांबूच्या फेटणीला चासेन म्हणतात. बांबूच्या एकाच तुकड्याचं टोक चिरून चिरून ऐंशी-शंभर काड्या काढलेल्या असतात. नारा प्रांतातलं ताकायामा हे तिचं मूळ गाव. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात या काड्या खडखडीत वाळतात आणि तशाच वापरल्या तर टोकं तुटून पेल्यात येतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवल्या की लवचीक होतात. ताकाची रवी इथे उपयोगाची नाही. तिची दातं जाड आणि दूर दूर, ती लोणी एकत्र आणायला बनलेली आहे, बारीक गुठळी फोडायला नाही.

पसरट, सपाट तळाचा चिनी मातीचा वाडगा गरम पाण्याने विसळून कोरडा पुसायचा. पुसणं महत्त्वाचं. ओल्या वाडग्यात पूड पडली की जिथे थेंब तिथे गोळा. वाडग्यावर मैद्याच्या चाळणीएवढी बारीक जाळी धरून ३ ग्रॅम पूड चाळायची. काटा असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा असावा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमने सरकणारा काटा इथे फसवतो. काटा नसेल तर चहाचा सपाट चमचा साधारण २ ग्रॅमचा, म्हणजे दीड चमचा. पूड इतकी बारीक असते की स्थिर विजेने कण कणांना चिकटतात. जाळीवर उरलेल्या गोळ्या चमच्याच्या पाठीने घासून खाली पाडायच्या. ही एक पायरी गाळली तर पुढे कितीही फेटा, गुठळीच्या आत कोरडी पूड तशीच राहते आणि पिताना दाताखाली फुटते.

आता १० मिली गरम पाणी, म्हणजे दोन छोटे चमचे. फेटणीच्या टोकाने हळूच दाबत, कालवत पेस्ट करायची. अगदी पहिल्यांदा ती कोरडी, हट्टी वाटते, कडेला भुकटी चिकटून राहते. दहा-बारा वेळा दाबून फिरवलं की अचानक चकचकीत होते, ओल्या रंगासारखी. तो क्षण आला की उरलेलं २० मिली गरम पाणी. आता मनगट सैल सोडून फेटणी मागे-पुढे, मागे-पुढे, जोरात, वीस सेकंद. गोल फिरवायचं नाही. आपला हात ताकाच्या सवयीने गोल जातो, आणि गोल फिरवलं की पाणी पुडीसकट एका दिशेने फिरतं, आपटत नाही, हवा आत जात नाही. काड्या तळाला जोर लावून घासायच्या नाहीत, तळाच्या जरा वरून चालवायच्या. आधी मोठे बुडबुडे येतात. फेटणी पृष्ठभागाजवळ आणून आणखी पाच-सहा हलके फटके दिले की ते फुटून बारीक, दाट फेस राहतो. मोठे बुडबुडेच राहिले तर पाणी कमी गरम होतं किंवा पूड जुनी आहे.

बॅटरीवरचा फ्रॉथर, म्हणजे फेस काढायचं छोटं यंत्र, वापरला तर उंच, अरुंद पेला घ्यावा, टोक तळाला टेकवून मग बटण दाबावं आणि बंद केल्यावरच बाहेर काढावं. चालू फ्रॉथर वर उचलला की हिरवे शिंतोडे ओट्यापासून भिंतीपर्यंत. पंधरा सेकंदांत काम होतं, फेस चासेनपेक्षा जरा भरड. झाकणाच्या बाटलीत हलवूनही होतं, पण तिथे गरम पाणी अजिबात नको. बंद बाटलीत वाफेचा दाब चढतो आणि झाकण उडतं किंवा गळतं. बाटलीत थंड पाणीच घ्यावं, चाळलेली पूड घालून चांगलं मिनिटभर जोरात हलवावं. थंड पाण्यात फेटलेला माचा कमी कडू, कमी सुगंधी होतो. ज्यांना कडवटपणा सोसत नाही त्यांना हीच रीत मानवते. मिक्सरचं चटणीचं भांडं मात्र टाळावं. तीन ग्रॅममधला बराच माल पात्याखाली आणि भिंतींना चिकटून राहतो, आणि भांड्यात लसणाचा वास असतोच.

फेटून झाल्यावर त्यात फ्रीजमधलं २० मिली पाणी घालून एकदा हलवायचं. हे का, ते आकड्यांत बघू. ५० मिली माचा ६० अंशांचा असताना बर्फावर ओतला तर तो शून्यावर यायला साधारण ३८ ग्रॅम बर्फ वितळतो. ३० मिली गरम आणि २० मिली थंड मिळून तो ३८ अंशांवर येतो आणि मग २४ ग्रॅम बर्फात भागतं. १५० मिली दूध फ्रीजमधलं असेल तर त्याला नऊ-दहा ग्रॅम पुरतात. तेच ३० अंशांवर असेल तर पन्नासाच्या वर लागतात. म्हणजे दूध बाहेर राहिलं आणि माचा गरम ओतला तर १२० ग्रॅमपैकी नव्वद ग्रॅम बर्फ पहिल्या मिनिटात पाणी होतो. इकडच्या पाणचट लाटेचं कारण बहुधा हेच असतं, आणि त्यावर उपाय म्हणून लोक पूड वाढवतात, त्याने फक्त कडूपणा वाढतो.

पेल्यात आधी पाक, त्यावर दूध, दोन्ही ढवळून घ्यायचं. मग बर्फ काठोकाठ. मग बर्फाच्या वरच्या खड्यावर, चमच्याच्या पाठीवरून, माचा हळू सोडायचा. पाकामुळे खालचं दूध जड झालेलं असतं म्हणून हिरवा वर थांबतो, आणि खड्यांच्या फटींतून पांढऱ्यात हिरव्या मुळ्या उतरताना दिसतात. हा देखावा मिनिटभराचा. प्यायच्या आधी पूर्ण ढवळायचं, खालपासून वर, आणि पंधरा मिनिटांत संपवायचं. करून झाकून ठेवला तर तासाभरात पूड तळाला बसते, वर फिकट दूध राहतं. दोघा-तिघांसाठी करायचा असेल तर फेटलेला माचा एकत्र करावा, पेले वेगवेगळे भरावेत. एका वेळी ९ ग्रॅमच्या पुढे एकाच वाडग्यात फेटू नये, तळाची पूड हाती लागत नाही.

कडू झाला तर आधी पाण्याचं तापमान बघा, मग पुडीचं वय, साखरेकडे शेवटी वळा. फिका झाला तर दूध १२० मिलीवर आणा. रंग मेंदीसारखा आला तर त्याला पेल्यात इलाज नाही. ती पूड पराठ्याच्या किंवा केकच्या पिठात संपवावी.

मे महिन्यात केशर आंबा घरात असताना त्याचा रस यात फार छान बसतो. मराठवाडा केशरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि त्याचा रस गोड, रेषारहित असतो. पेल्याच्या तळाशी ४० ग्रॅम गाळलेला, थंड रस, त्यावर बर्फ, दूध आणि माचा, पाक वगळायचा. आंबा पूर्ण पिकलेला हवा, आंबूस असेल तर दूध फाटतं. जालन्याची मोसंबी मात्र दुधात कधीच नको. तिचा रस हवा तर दूध बाजूला ठेवून, १५० मिली रसावर बर्फ आणि वर फेटलेला माचा, असा पेला होतो आणि तो कडक उन्हात दुधाच्या पेल्यापेक्षा हलका वाटतो.

३ ग्रॅम माचात साधारण एका कडक कॉफीइतकं कॅफीन येतं, त्यामुळे पाचच्या चहाच्या जागी हा घेतला तर रात्री झोप लांबते. दुपारी बारा ते तीन ही वेळ चांगली. जेवणाबरोबर घेऊ नये. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत, आणि रक्त कमी असणाऱ्यांनी जेवणानंतर तास-दीड तास सोडूनच घ्यावा. लहान मुलांना देऊ नये.

पेला संपल्यावर तळाशी दाट हिरवा घोट उरतो, खरा माल त्यात असतो. दोन चमचे थंड दूध घालून पेला गोल हलवून तो पिऊन टाकावा. फेटणी लगेच साध्या, फिल्टरच्या पाण्यात हलवून धुवावी, साबण लावू नये. बांबू साबणाचा वास धरतो. नळाच्या जड पाण्यात धुतली तर काही दिवसांत काड्यांवर पांढरी पुटं चढतात. धुतल्यावर काड्या वर करून, हवेशीर सावलीत उभी वाळवावी. डब्यात ओली बंद केली तर पावसाळ्यात आतल्या गाठीला काळी बुरशी येते, आणि ती आली की फेटणी टाकूनच द्यावी लागते.